बालाघाटावरील वन्यजीव भ्रमणमार्ग : केज-युसूफ वडगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात मांजरा नदीच्या खोऱ्यात युसूफ वडगाव हे गाव वसलेले आहे. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. 'युसूफ' हे उपपद मराठवाड्याच्या दीर्घ मुसलमानी अमदानीची खूण सांगते. गावाभोवतालचा प्रदेश ज्वारी, तूर, सोयाबीन आणि मांजरेचे पाणी पोहोचते तेथे ऊस असा शेतीचा आहे. वनखात्याच्या नकाशात या भागावर हिरवा रंग जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे वन्यजीवांच्या भ्रमणमार्गांची, म्हणजे एका अधिवासातून दुसऱ्या अधिवासात जाण्यासाठी प्राण्यांना लागणाऱ्या वाटांची, चर्चा या परिसराच्या संदर्भात करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. भ्रमणमार्ग म्हटले की कान्हा-पेंच, मेळघाट, ताडोबा अशी नावे समोर येतात. केज, कळंब, पाटोदा ही नावे येत नाहीत.

ही समजूत डिसेंबर २०२४ मध्ये एका वाघाने खोटी ठरवली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण नर वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. अंगावरील पट्ट्यांच्या ठेवणीवरून त्याची ओळख पटली. सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास करून तो आला होता. युसूफ वडगावपासून येडशीचे रान सरळ रेषेत चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर नव्हती. त्यामुळे प्रवासाची दोन टोके तेवढी निश्चित आहेत, मधली वाट नोंदलेली नाही. मात्र यवतमाळहून येडशीला येणाऱ्या कोणत्याही प्राण्याला मराठवाड्याच्या शेतशिवारातूनच यावे लागते, एवढे नकाशावरून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा वाघ नसून ती मधली जमीन आहे. बालाघाटावर वन्य प्राण्यांच्या वाटा कोणत्या प्रकारच्या भूमीतून जात होत्या, त्या कशामुळे तुटल्या आणि आज त्या जोडण्याचे नियोजन करताना कोणाच्या हक्कांचा प्रश्न उभा राहतो, याचा येथे इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे.

घाटावरचे माळ

बालाघाटाची रांग हरिश्चंद्रगडाकडून येणाऱ्या डोंगरओळीचा भाग होय. अहिल्यानगर जिल्ह्यातून ती बीडमध्ये शिरते आणि पुढे धाराशिव, लातूर, नांदेडकडे उतरत जाते. उत्तरेस गोदावरीचे सखल खोरे आणि पश्चिमेस सीना आहे, तर पाटोदा तालुक्यात गवखाडीजवळ उगम पावलेली मांजरा याच पठारावरून पूर्वेकडे वाहते. मोगलकालीन कागदपत्रांत दख्खनच्या वर्णनात 'बालाघाट' आणि 'पाईनघाट' असे घाटावरील व घाटाखालील प्रदेशांचे भेद आढळतात. पठारावर काळ्या दगडाचा थर वरच आहे, माती उथळ आहे आणि पर्जन्यछायेमुळे पाऊस बेभरवशाचा आहे. अशा जमिनीवर घनदाट अरण्य वाढत नाही. पवन्या, कुसळी यांसारखी गवते, बोरी-बाभळीची झुडपे आणि ओढ्याकाठी थोडी झाडी असेच तिचे स्वाभाविक रूप असते.

या माळाचे प्राणीजीवन अरण्याच्या प्राणीजीवनाहून वेगळे आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, तरस, कोल्हा, खोकड, माळढोक, तणमोर, धाविक ही माळाची संपत्ती. चित्ताही याच प्रकारच्या माळांवर वावरत असे. काळविटांच्या शिकारीसाठी पाळीव चित्ते बाळगण्याची प्रथा दख्खनच्या संस्थानांत होती आणि कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळाच्या ऱ्हासाची ही पहिली मोठी नोंद म्हणता येईल, परंतु त्या काळी तिचा अर्थ शिकारीपुरताच लावला गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. माळावरील प्राणी एका जागी राहून जगू शकत नाहीत. पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात पडत नाही. गवत त्याप्रमाणे उगवते, हरणांचे कळप त्यामागे जातात आणि लांडगे कळपांमागे. अरण्यातील प्राण्याला अधिवास आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, माळावरील प्राण्याला त्या एकच असतात. म्हणूनच बालाघाटावर 'भ्रमणमार्ग' ही दोन जंगलांना जोडणारी अरुंद पट्टी होती असे मानणे योग्य ठरत नाही. ती विरळ, पसरट आणि माणसांच्या वापराशी पूर्णपणे मिसळलेली जागा होती.

कुरण, गायरान आणि पाणंद

ही जागा कोणाची होती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मराठेशाहीत व निजामशाहीत घोडदळासाठी गवताची कुरणे राखली जात. अंबाजोगाई, म्हणजे निजामकालीन मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. घोड्यांची छावणी जेथे असते तेथे आसपासच्या गवताला किंमत येते आणि गवताला किंमत आली की ते नांगराखाली जाण्यापासून वाचते. वन्यजीवरक्षणाचा कोणताही हेतू यामागे नव्हता हे उघड आहे, तरीही परिणाम मात्र तसाच होत असे.

गावपातळीवर हेच काम गायरानाने केले. सालारजंगाच्या कारकिर्दीत १८६५ पासून हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदीची व्यवस्था आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. जी जमीन पिकाऊ नव्हती किंवा गावाच्या सामाईक उपयोगासाठी ठेवायची होती ती गायरान, परमपोक अशा नावांनी नोंदली गेली. ओढे, नाले, पाणंद, शिवेवरचे रस्ते, स्मशाने, पडीक टेकड्या या सर्वांना महसुली कागदात जागा मिळाली. सारा न देणारी जमीन म्हणून सरकारच्या दृष्टीने ती गौण होती. गावाच्या दृष्टीने ती गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, सरपणाची आणि वाटसरूंची जमीन होती. दोन गावांच्या शिवा जेथे भिडत तेथे बहुधा अशीच पडीक जमीन असे, कारण वस्तीपासून दूरची आणि हलकी जमीन शेवटी नांगरली जाते. एका गावाचे गायरान दुसऱ्या गावाच्या ओढ्याला, तो ओढा तिसऱ्या गावाच्या टेकडीला जोडलेला असे. बालाघाटावरील प्राण्यांचा भ्रमणमार्ग कोठे होता याचे उत्तर शोधायचे असेल, तर ते वनखात्याच्या नकाशाऐवजी तहसील कचेरीतील गावनकाशात सापडते.

वनखात्याचा इतिहास या प्रदेशात तुलनेने तोकडा आहे. हैदराबाद संस्थानात वनविषयक कायदे झाले, १३५५ फसलीचा वन अधिनियम त्यांपैकी शेवटचा. परंतु संस्थानाचे मोल्यवान सागवान गोदावरीच्या पूर्व भागात आणि आदिलाबादकडे होते. बीडच्या माळांत वनखात्याला उत्पन्न नव्हते, म्हणून लक्षही नव्हते. गवताळ प्रदेशाला 'वन' न मानण्याची ही सवय संस्थान गेल्यावरही बदलली नाही.

भूमिहीनांचा प्रश्न

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, पाठोपाठ इनामे रद्द झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कूळकायद्याचा लाभ कुळांना झाला. ज्यांच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती त्यांच्या हाती काही आले नाही. त्यांत दलित समाजाची संख्या मोठी होती.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात मराठवाड्याचा सहभाग होता. १९६४ मध्ये हे आंदोलन देशपातळीवर गेले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती. गायरान कसणारी कुटुंबे पुढे गावोगाव उभी राहिली. राज्य शासनाने १९७८ मध्ये व नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ठरावीक मुदतीपर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. दुसऱ्या निर्णयातील मुदत १४ एप्रिल १९९० ही होती आणि ती तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दी वर्षाशी जोडलेली आहे, हे सहज लक्षात येते. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून गायरानधारकांचा प्रश्न नेटाने लढवला. पिके जाळणे, गुरे सोडणे, बहिष्कार अशा मार्गांनी या कुटुंबांना हुसकावण्याचे प्रकार मराठवाड्यात घडलेले आहेत. पारधी समाजाची स्थिती आणखी बिकट होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला; पण शिकारीवर जगणाऱ्या या समाजाचा परंपरागत व्यवसाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हा ठरला. पाल टाकायला गायरानाखेरीज जागा नव्हती आणि गायरानावर कागद नव्हता.

या इतिहासाची नोंद येथे विस्ताराने करण्याचे कारण आहे. वन्यजीव अभ्यासकांच्या लिखाणात 'गायरानांवरील अतिक्रमण' हे अधिवास तुटण्याचे कारण म्हणून एका ओळीत येते आणि पुढे जाते. ते कारण खोटे नाही. मात्र त्या एका ओळीत दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. गावातील सधनाने शेताला लागून असलेले गायरान बांध सरकवून पोटात घालणे आणि भूमिहीन कुटुंबाने दोन-तीन एकर बरड फोडून त्यावर बाजरी पेरणे यांत नैतिक अंतर फार मोठे आहे. लांडग्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच, किंबहुना हंगामी बाजरीच्या बरडातून लांडगा जाऊ शकतो, तारेच्या कुंपणातील उसातून त्याला जाणे जड जाते.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर जुलै २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाने गायराने अन्य कामांसाठी देण्यावर निर्बंध घातले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर हा विषय पुन्हा आला, तेव्हा राज्यभरातील लाखो घरांना नोटिसांची धास्ती बसली. अनुसूचित जातींतील भूमिहीनांना जमीन देण्याच्या योजनांचा अपवाद न्यायालयाने स्वतःच निकालात नमूद केला होता, हा भाग मात्र चर्चेत मागे पडतो.

दुष्काळ, धरण आणि बेटे

१९७२ च्या दुष्काळाने बालाघाटाची कळा बदलली. पुढील वर्षांत अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आणि रोजगार हमी योजना यांतून पाझर तलाव, नालाबंडिंग, चराई क्षेत्रे आणि वृक्षलागवड झाली. या कामांचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत (आताच्या अहिल्यानगरात) चराईबंदी करून राखलेल्या गवताच्या तुकड्यांत माळढोक आणि काळवीट वाढू लागले. त्यातून १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य आणि १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी काळवीट अभयारण्य घोषित झाले. बीड जिल्ह्यात १९९४ मध्ये पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मयूर अभयारण्य, तर १९९७ मध्ये शेजारी येडशी रामलिंग घाट अभयारण्य झाले.

ही क्षेत्रे किती लहान आहेत हे आकड्यांवरूनच कळते. रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटर, नायगाव सुमारे ३० आणि येडशी सुमारे २२ चौरस किलोमीटर. एका प्रौढ नर वाघाला सामान्यतः याहून कितीतरी मोठे क्षेत्र लागते. रेहेकुरीत काळविटांची संख्या वाढली तेव्हा ते साहजिकच बाहेरच्या शेतांत गेले. या तीन ठिकाणांमध्ये कित्येक किलोमीटरची अंतरे आहेत. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेटांवरील जीवसृष्टीसंबंधी एक सिद्धांत मांडला : बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या तेथे कमी जाती टिकतात. समुद्रातील बेटांसाठी मांडलेला हा विचार पुढे शेतीने वेढलेल्या अभयारण्यांना लावला गेला आणि बेटे जोडण्याची, म्हणजेच भ्रमणमार्गाची, कल्पना त्यातून रूढ झाली. रेहेकुरी, नायगाव, येडशी ही या अर्थाने बेटेच होत.

बेटांमधला समुद्रही याच काळात वाढत गेला. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा प्रकल्प उभा राहिला आणि बीड-धाराशिवच्या सीमेवरील नदीचा काठ, जो उन्हाळ्यात प्राण्यांना पाणी आणि आडोसा दोन्ही देत असे, जलाशयाखाली गेला. धरणाने लातूरला पाणी आणि परिसराला ऊस दिला. उसाने बिबट्याला आसरा दिला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडी पडून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या पाण्याची भिस्त किती कच्ची आहे हेही दिसून आले.

सामाजिक वनीकरण खाते १९८२ मध्ये स्थापन झाले. गायरानांवर सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी यांची लागवड झाली. ओसाड जमिनीचे हिरवीकरण या भावनेने केलेले हे काम माळाच्या प्राण्यांना मात्र उपयोगी ठरले नाही. माळढोकाला दूरवर दिसावे लागते. झाडांच्या रांगा त्याला आडव्या येतात. पुढे केज, पाटोदा आदी तालुक्यांच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्याबरोबर वीजवाहिन्या आणि रस्ते आले. येडशीवरून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता चौपदरी झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. मराठवाड्याने या रेल्वेची वाट अनेक दशके पाहिली होती; तिच्या विरोधात बोलणे कोणालाही शोभणार नाही. प्रश्न इतकाच की, पूल आणि मोऱ्या बांधताना त्यांखालून पाण्याबरोबर आणखी कोण जाणार याचा विचार झाला काय?

असा विचार होऊ शकतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूर-जबलपूर मार्गाच्या पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या टप्प्यात, न्यायालयीन लढ्यानंतर, वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून जाण्याच्या नऊ वाटा बांधण्यात आल्या. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत वाघासह अठरा जातींचे प्राणी त्या वापरत असल्याचे २०१९ मध्ये समोर आले.

माळढोक अभयारण्याचा धडा

माळावर नियोजन कसे करू नये याचे उदाहरणही जवळच आहे. १९७९ चे माळढोक अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यातील फार मोठी जमीन खासगी मालकीची होती. करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा, नेवासे अशा तालुक्यांतील गावे, बाजारपेठा, कालवे सर्व त्यात आले. अभयारण्याची रेषा आखताना शेतकऱ्याला विचारले गेले नव्हते. जमिनीचे व्यवहार, रस्ते, उद्योग यांना अडथळे येऊ लागले, तसा 'पक्ष्यापायी आमची जमीन अडकली' हा रोष वाढत गेला. अखेर २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान माळढोकांची संख्या घटत बोटांवर मोजण्याइतकी उरली. तेहतीस वर्षे कागदावर देशातील अतिविशाल अभयारण्य असूनही ज्या पक्ष्यासाठी ते केले तो पक्षी वाचवता आला नाही. ज्या लोकांनी माळढोक पिढ्यान्पिढ्या शेतात वावरू दिला होता, त्यांनाच त्याचे वैरी करून ठेवले, हे या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

कायद्यातील वाट

२००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात कलम ३६-अ आले. एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणाऱ्या शासकीय जमिनी 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून घोषित करण्याची तरतूद त्यात आहे. त्यासाठी स्थानिकांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे आणि व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. कलम ३६-क खाली खासगी वा सामुदायिक जमिनीवर लोकांच्या पुढाकाराने 'सामुदायिक राखीव क्षेत्र' करता येते. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनींना विशेष संरक्षण मिळाले. २०१४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व भारतीय वन्यजीव संस्था यांनी देशातील ३२ प्रमुख व्याघ्र भ्रमणमार्गांचे नकाशे प्रसिद्ध केले.

हे नकाशे व्याघ्र प्रकल्पांना जोडतात. टिपेश्वर हा व्याघ्र प्रकल्प नाही, १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. येडशीही नाही. म्हणून या दोहोंमधील मराठवाड्याला त्या मांडणीत स्थान मिळत नाही. वाघांनी मात्र आपली मांडणी वेगळी ठेवली. टिपेश्वरचाच एक कॉलर लावलेला नर २०१९ मध्ये निघाला आणि नऊ महिन्यांत महाराष्ट्र व तेलंगणातील सात-आठ जिल्ह्यांतून सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. उपग्रहाने नोंदवलेल्या त्याच्या खुणा शेते, ओढे आणि रस्त्यांच्या कडेने जातात. २०२१ मध्ये तेथीलच आणखी एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोहोचला. तेथे सुमारे आठ दशकांनंतर वाघ दिसत होता. तीन वाघ, तीन दिशा, आणि तिघांनाही जोडीदारीण नाही. लहान क्षेत्रात वाघ वाढले, की तरुण नरांना बाहेर पडावे लागते. वाट आहे, पण ती जेथे पोहोचते तेथे संसार मांडण्याजोगे रान नाही, असा हा पेच आहे.

येडशीच्या वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडण्याचे प्रयत्न २०२५ च्या आरंभी झाले. ताडोबाहून पथक आले, पिंजरे लागले, परंतु अनेक आठवड्यांच्या खटपटीनंतरही वाघ हाती लागला नाही. बार्शी तालुक्यापर्यंत त्याने जनावरे मारली. ज्या कुटुंबाची गाय किंवा म्हैस गेली त्याच्या दृष्टीने भरपाई किती दिवसांत मिळते हाच भ्रमणमार्गाचा खरा निकष असतो.

याहून गंभीर प्रसंग बीड जिल्ह्याने २०२० च्या अखेरीस पाहिला. आष्टी तालुक्यात एका बिबट्याने माणसांचे बळी घेतले. तो पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडे सरकला आणि तेथेही माणसे मारली. डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत शेताला रात्रीचे पाणी द्यायला जाणे म्हणजे जिवावरचे काम झाले होते. तो ज्या शिवारांतून फिरला तीच शिवारे उद्या कोणी 'भ्रमणमार्ग' म्हणून रंगवली, तर तेथील माणूस त्या रंगाकडे कोणत्या नजरेने पाहील, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीसाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांची म्हातारी माणसे आणि लेकरे हिवाळाभर वस्तीवर मागे राहतात, ही बीडची विशेष परिस्थितीही त्यात धरली पाहिजे.

मांजरा पट्टा

वरील विवेचन ध्यानात घेता केज-युसूफ वडगाव परिसरातील नियोजनाचा आरंभ गावनकाशापासून व्हावा, असे म्हणावे लागते. मांजरेचे आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे काठ, शिवेवरची पडीक जमीन, टिकून राहिलेले गायरान आणि पाणंद यांची गावनिहाय यादी ही पहिली गरज. त्यातील कोणत्या गायरानावर कोण किती वर्षे कसत आहे, १९९१ च्या निर्णयाखाली कोणाचा अर्ज पडून आहे, याची नोंद त्याच यादीत असली पाहिजे. भूमिहीनाचे दोन एकर नियमित करून उरलेल्या गायरानाचे गवत गावाने राखावे, अशी तडजोड जेथे शक्य असेल तेथे ती काळविटालाही पुरते आणि शेळीलाही. झाडे लावण्यापेक्षा गवत राखणे येथे अधिक मोलाचे आहे. वृक्षलागवडीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी चांगल्या माळावर खड्डे घेणे थांबले तरी पुष्कळ होईल. कठडे नसलेल्या विहिरींत पडून लांडगे, तरस, बिबटे मरतात. त्या विहिरींना कठडे बांधणे हे रोजगार हमीतून होण्याजोगे काम आहे आणि त्याचा लाभ माणसांनाही आहे.

पाणंदीचा विषय थोडा नाजूक आहे. शेतरस्ते मोकळे करण्याच्या शासकीय योजनांतून अनेक जुन्या पाणंदी खुल्या झाल्या, शेतकऱ्यांची दशकांची अडचण दूर झाली. मात्र रस्ता करताना दोन्ही कडांची झुडपे, घायपात, बोरी मुळासकट काढल्या जातात. ससा, साळिंदर, खोकड, मुंगूस यांचा वावर नेमका त्या झुडपांत असतो. एका बाजूची झुडपे राखून रस्ता करण्यास अधिक खर्च येत नाही.

मोठ्या कामांपैकी नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव या संदर्भात सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. मूळ आराखड्यानुसार तो यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर अशा जिल्ह्यांतून जातो, म्हणजे टिपेश्वरच्या वाघाने जी दिशा धरली त्याच दिशेने. जमीन जाण्याच्या भीतीने शेतकऱ्यांनी त्यास ठिकठिकाणी विरोध केला असून मार्गरेषेत बदलांची चर्चा झाली आहे. रेषा कोठूनही गेली तरी ती गोदावरी-मांजरेच्या दरम्यानचे असंख्य ओढे ओलांडणारच. त्या प्रत्येक ओढ्यावर मोरी असेल. तिची उंची आणि रुंदी पाण्याच्या हिशेबानेच ठरवायची की काळवीटही खालून जाईल इतकी ठेवायची, हा निर्णय आराखडा कागदावर असतानाच घ्यावा लागतो. पेंचमध्ये तो न्यायालयात जाऊन घ्यावा लागला, कारण तेथे वाघ होते आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे लोक नागपुरात होते. मांजरेच्या ओढ्यांसाठी तहसील कचेरीतील गावनकाशे आणि ग्रामसभेचे ठराव एवढीच साधने सध्या हाताशी आहेत.